पाचर एक बोट वर

इटलीतल्या आमच्या रोक्काफेर्ना गावात मूल जन्माला आलं की लोक आधी वजन विचारतात, मुलगा की मुलगी ते नंतर. तेक्ला झाली तेव्हा दोन किलो सातशे भरली. सासूबाई खाटेपाशी आल्या, बाळाला दोन तळव्यांवर घेऊन जरा वरखाली केलं आणि मोठ्या समाधानानं म्हणाल्या, "हलकी आहे. चढेल ही."

टाके ठणकत होते, तरी ते वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं. पुढची साडेपाच वर्षं मी ते ऐकलंच नाही असं स्वतःला सांगत होते.

चढायचं ते झाडावर. आमचं झाड लोखंडाचं आहे. दोनशे तीस वर्षांपूर्वी गावच्या लोहारानं, म्हणजे आताचा लोहार उस्ताद, मास्त्रो बियासे, याच्या सात पिढ्यांमागच्या पूर्वजानं ते घडवलं. एक खोड, पाच फांद्या, आणि जोड कुठे आहे ते बोट फिरवूनही सापडत नाही. जूनमधल्या सणाला चार फांद्यांच्या टोकांवर चार देवदूत बसतात, आणि सगळ्यांत वर, जमिनीपासून साडेपाच मीटरवर, सगळ्यांत हलकं मूल बसतं. त्याला आम्ही आत्मा म्हणतो. पांढरे झगे आणि कापसाचे ढग यांच्याखाली लोखंड असं झाकलं जातं की पोरं हवेत तरंगताहेत असंच वाटावं. सोळा खांदेकरी झाड उचलतात आणि बँडच्या तालावर गावभर नेतात. प्रत्येक पावलाला फांद्या झुलतात. पायथ्याशी तोंडाला काजळी फासलेला सैतान आत्म्याला खाली बोलावत राहतो. आत्म्यानं रडायचं नाही, बोलायचं नाही, फक्त मान हलवून नाही म्हणायचं.

युद्धात तोफांसाठी गावागावातलं लोखंड उचलून नेलं गेलं. चर्चच्या घंटा गेल्या, कुंपणं गेली, माझ्या आजोळच्या गच्चीचे कठडेसुद्धा गेले. झाड गेलं नाही. गावकऱ्यांनी ते गोठ्यातल्या कडब्याखाली पुरलं, आणि त्यावर चार वर्षं एक गाढव बांधून ठेवलं. सासूबाई ही गोष्ट सांगतात तेव्हा त्या गाढवाचाही उल्लेख नावानिशी होतो.

मीही याच गावची, दोन गल्ल्या सोडून. पण मी जन्मतःच तीन किलो नऊशे, त्यामुळे माझा प्रश्न कधी आला नाही. मी नेपल्सला जाऊन औषधशास्त्र शिकले, परत आले, चौकातलं औषधांचं दुकान चालवायला घेतलं, आणि एलिओशी लग्न केलं, ज्याच्या घरात तोपर्यंत चार आत्मे होऊन गेले होते. पाचवा माझ्या पोटी आला होता, एवढाच काय तो फरक.

मी काळजी करणारी बाई आहे, हे लपवून उपयोग नाही. तेक्ला चार वर्षांची होईपर्यंत मी द्राक्षाच्या चार फोडी करून द्यायचे. आमच्या दारापासून जिल्ह्याच्या इस्पितळापर्यंत एक्केचाळीस मिनिटं लागतात, ट्रॅक्टर आडवा आला तर बावन्न. झाडावरून मूल पडल्याची एकही आठवण गावात नाही असं सगळे छातीठोकपणे सांगत, आणि मी मनात म्हणायचे, आठवण नाही म्हणजे पडलं नाही असं कुठे सिद्ध होतं. एकदा हे मी मोठ्यानं म्हणाले. सासूबाईंनी हातातली पास्त्याची कणीक मळायची थांबवली आणि एलिओला म्हणाल्या, "हिला शिकायला पाठवली तिथंच चुकलं."

सणाच्या आधीच्या रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत मुलांची वजनं होतात. धान्याचा जुना लोखंडी काटा आहे, त्याच्या आकड्याला मूल टांगतात. मी त्या सकाळी तेक्लाला दोन पेले दूध, मधाचा पाव आणि एक उकडलेलं अंडं खाऊ घातलं. तीनशे-चारशे ग्रॅम तरी वाढावेत हा माझा हिशोब होता. सासूबाईंनी काही न बोलता माझ्याकडे पाहिलं आणि काट्याला टांगायच्या आधी नातीला हाताला धरून संडासात घेऊन गेल्या. तेक्ला सतरा किलो भरली. तिच्या मागची ओत्ताविया, नोटरीची नात, सतरा किलो चारशे. ठरलं.

तेक्लानं काट्यावरून उतरल्यावर मला मिठी मारली नाही. ती सरळ जाऊन भिंतीपाशी उभी राहिली, जिथे झाड आडवं टेकवून ठेवलेलं होतं, आणि त्याच्या खोडावर तळहात ठेवून राहिली. घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा.

मग मास्त्रो बियासेनं पाचरी वाटल्या. सत्तरीचा माणूस, बोलणं कमी, कान अर्धवट गेलेले. प्रत्येक फांदीच्या टोकाला एक लोखंडी पाळणा आहे, त्यात मूल बसलं की कमरेभोवती कडं मिटतं, आणि कड्याच्या दोन टोकांतून एक पाचर खाली बसते. वर जाड, खाली निमुळती. ना नट, ना स्क्रू. सगळा भार त्या पाचरीवर. बियासेनं रिकाम्या पाळण्यात आमची पाचर तळहातानं दाबून दाखवली. ती सरकली, सरकली, आणि घट्ट थांबली. पाचरीचं डोकं कड्याच्या एक बोट वर राहिलं होतं. त्यानं त्या फटीत आपली करंगळी आडवी घालून मला दाखवली. "एक बोट वर," तो म्हणाला, "म्हणजे बसली."

ती पाचर मग आईच्या हाती देतात. आठ दिवस ती फडक्यात गुंडाळून मुलाच्या गादीखाली ठेवायची आणि सणाच्या दिवशी आईनंच शिडी चढून ती आपल्या हातानं बसवायची. दुसरा कुणी तिला हात लावत नाही, लोहारसुद्धा नाही. पाचर बसली की आईनं शिडीवरून चौकाला ऐकू जाईल असं म्हणायचं, "दिली." खांदेकरी म्हणतात, "घेतली." त्याशिवाय झाड उचललं जात नाही.

घरी येताना एलिओ बरोबर होता. तो बारा वर्षं झाडाचा खांदेकरी आहे, उजवीकडचा तिसरा. पण ज्या वर्षी स्वतःचं मूल वर असतं त्या वर्षी बापाला खांदा देता येत नाही, कारण बाप वर बघतो आणि पाऊल चुकवतो. मी म्हटलं, तुला तरी वाटतं ना की पाऊल चुकू शकतं. तो म्हणाला, "म्हणून तर मला काढलाय." आणि हसला. मला हसू आलं नाही.

मंगळवारी दुपारी दुकान बंद करून मी ती पाचर फडक्यातून सोडवली.

मी फक्त बघणार होते. पण उजेडात धरली तेव्हा ती मला रोगट दिसली. काळपट, खडबडीत, मध्येच तपकिरी पापुद्रे. माझ्या डोक्यात दोनच गोष्टी आल्या: गंज लोखंड खातो, आणि गंजलेल्या टोकानं माझ्या मुलीला ओरखडा उठला तर. मी मोजमापाची पट्टी काढली, जाडी तीन ठिकाणी मोजून कागदावर लिहिली. मग मागच्या खोलीत सौम्य केलेल्या आम्लाच्या वाडग्यात ती बुडवली. बुडबुडे आले. मला बरं वाटलं, औषध लागू पडतंय असं वाटतं तसं. तासाभरानं बाहेर काढून सोड्यानं धुतली आणि काचपेपरनं घासत बसले. काळं गेलं, तपकिरी गेलं, खालून चांदीसारखं लोखंड वर आलं. शाळेतून आलेली तेक्ला काउंटरपाशी उभी राहून बघत होती. तिनं विचारलं, ही आता माझी नवी पाचर का. मी सांगितलं, जुनीच आहे, मी स्वच्छ केलीय. तिनं पाचरीत आपला चेहरा बघितला आणि दात बघून घेतले.

पुन्हा मोजायचं मला सुचलं नाही. पुसून, तेल लावून, उकळलेल्या फडक्यात गुंडाळून मी ती तिच्या गादीखाली ठेवली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा मला जरा शांत वाटलं. माझ्या मुलीची पाचर दोनशे तीस वर्षांतली सगळ्यांत स्वच्छ पाचर होती.

सणाच्या दिवशी सकाळी दहाला चौक भरला होता. मॉन्ट्रियलला गेलेली माणसं आली होती, ब्युनॉस आयर्सला गेलेल्यांची नातवंडं आली होती. त्यांना आमची बोली येत नाही, पण ती झाडाकडे बघून रडतात. झाड आधाराच्या लाकडी घोड्यांवर उभं होतं. चारही देवदूत बसले, चौघांच्या आयांनी आपापल्या पाचरी बसवल्या, चौघींनी "दिली" म्हटलं. मग बियासेनं तेक्लाला खांद्यावर घेऊन वर नेलं, पाळण्यात बसवलं, कडं मिटलं, झगा सारखा केला आणि खाली उतरून माझ्यासाठी शिडी धरली.

मी वर गेले. तेक्ला माझ्याकडे बघत नव्हती. समोर छपरांच्या पलीकडे गव्हाची शेतं दिसतात, तिकडे तिचं लक्ष होतं. तिच्या ओठांवर सासूबाईंनी लावलेली थोडी लाली होती. मी फडकं सोडलं, झग्याखाली हात घातला, कड्याचं भोक चाचपलं आणि पाचर सोडली.

ती सरकली. थांबली नाही. पाचरीचं डोकं टकन कड्याला टेकलं.

मी बोट घालून पाहिलं. फट नव्हती. पाचर दोन बोटांत धरून हलवली तर ती आत खुळखुळली.

मला एकदम सगळं कळलं. ती काळी खडबडीत साल म्हणजे गंज नव्हता. ते लोखंडाचं अंगच होतं, भट्टीतून आलेलं, दोनशे तीस वर्षं त्या भोकाशी घासून त्याच्याच मापाचं झालेलं. मी ते तासाभरात धुऊन टाकलं होतं. आणि झाड झुलतं. प्रत्येक पावलाला झुलतं. सैल पाचर किती पावलांनी वर उसळून बाहेर पडेल, याचा हिशोब मी तिथे शिडीवर करत होते.

खाली बँड थांबलेला. चौक माझ्या एका शब्दाची वाट बघत होता.

त्या क्षणी मला काय सुचलं ते मी इथे खरं खरं लिहिते. मला सुचलं की तेक्लाच्या कपाळाला हात लावावा आणि म्हणावं, हिला ताप आहे. माझ्या तोंडून आलेला ताप गावात कुणी तपासला नसता. तेक्ला खाली आली असती, आज, उद्या, कायमची. मला साडेपाच वर्षं जे हवं होतं ते एका वाक्यावर आलं होतं. पण खाली पहिल्या रांगेत ओत्ताविया पांढरा झगा घालून तयार उभी होती, आणि तिची आई, जिला मी दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या देते, ती मान वर करून माझ्याकडेच बघत होती. तेक्ला उतरली की ओत्ताविया चढणार. तिच्या आईच्या हाती हीच पाचर जाणार. आणि ती बाई बोट घालून बघणाऱ्यातली नाही. ती डोळे मिटून "दिली" म्हणणारी आहे, इथल्या सगळ्या बायांसारखी.

"देत नाही," मी म्हणाले.

माझा आवाज फार मोठा नव्हता, पण चौकात तो सगळीकडे गेला. मग मागून कुणा म्हातारीनं देवाचं नाव घेतलं, आणि कुणीतरी म्हणालं, मला ठाऊकच होतं, शिकलेली बाई आहे.

बियासे शिडीच्या दुसऱ्या बाजूनं वर आला. मी त्याला पाचर दाखवली. त्यानं ती घेतली नाही, नियमाप्रमाणे त्याला घेता येत नव्हती. त्यानं नुसतं बघितलं. चकचकीत चांदीचा तुकडा. त्याच्या तोंडाची एक बाजू हलली.

"मी घासली," मी म्हणाले. "आम्लात घातली आणि घासली. माझ्या हातानं. सैल झालीय."

हे मला हळू आवाजात म्हणायचं होतं. पण त्याला ऐकू येत नाही म्हणून मला मोठ्यानं म्हणावं लागलं, आणि चौकानं ते सगळं ऐकलं. ओत्तावियाच्या आईनं मुलीचा हात घट्ट धरलेला मला वरून दिसला.

मग बियासेनं विचारलं की मी बोट घातलं होतं का. मी हो म्हटलं. तो म्हणाला की भट्टी पेटवून, पाचर तापवून, टोकावर ठोकली तर ती बसकी होऊन पुन्हा जाड होते. त्याच्या आजोबांनी एकदा केलं होतं. चाळीस मिनिटं लागतील. मग त्यानं एकदा तेक्लाकडे बघितलं. "उतरलेला आत्मा त्या वर्षी पुन्हा चढत नाही, हे तुला माहीत आहे, दोत्तोरेसा," तो मला म्हणाला. पदवीवाल्या बाईला आमच्याकडे असंच म्हणतात, आणि कधी कधी ते शिवीसारखं लागतं. "बोल. हिला उतरवू? पाचर झाली की ओत्तावियाला चढवतो. तुझ्यावर कुणी बोट ठेवणार नाही."

मी तेक्लाकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण एकही थेंब बाहेर आला नव्हता. आत्म्यानं बोलायचं नसतं, ती बोलली नाही. मी तिला हळूच विचारलं, "राणी, खाली जाऊया का? मम्मा तुला घरी नेते."

तिनं मान हलवली. नाही.

सैतानाला हलवायची ती मान तिनं मला हलवली. पुन्हा एकदा हलवली, मला कळलं नसेल तर म्हणून.

मला खूप लाज वाटली, आणि त्या लाजेच्या आतून काहीतरी दुसरंच वर आलं. हे मूल माझं होतं. मी द्राक्षं चिरून दिलेलं, तेच हे.

"मग मी धरते," मी बियासेला म्हणाले.

शिडीच्या पायरीत गुडघा अडकवून मी पाचर बियासेच्या उघड्या हातावर टाकली आणि कड्याची दोन टोकं दोन्ही हातांनी मुठीत आवळली. माझ्या हातानं दिली, तर चालतं, असं त्यानंच ठरवलं असावं. तो ती घेऊन पळाला. सत्तर वर्षांचा माणूस सणाच्या कपड्यांत पळतोय हे बघून गर्दीनं आपोआप वाट केली. थोड्या वेळानं चर्चच्या मागून भात्याचा आवाज यायला लागला.

चाळीस मिनिटं किती असतात ते मला त्या दिवशी कळलं. खरं तर दहाव्या मिनिटाला माझे दंड थरथरायला लागले. मी एकदा खाली बघितलं. शिडीचा एक पाय एलिओनं धरला होता. तो वर बघत होता आणि त्याला आज तेवढंच काम होतं. दुसरा पाय सासूबाईंनी धरला होता. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, काळा रेशमी झगा, आणि शिडी अशी आवळलेली की पळून जाईल की काय. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता आयुष्यभराचं साठवून ठेवताहेत.

चौकाला काय करावं ते कळत नव्हतं. बँडवाल्यांनी एक सूर धरला आणि सोडला. मग सैतान पुढे आला.

सैतान म्हणजे नुंत्सिओ, बेकरीवाला, दीडशे किलोचा. तो हौसेनं दर वर्षी सैतान होतो आणि त्याला झाड उचलल्याशिवाय बोलायची परवानगी नसते. त्यानं आजूबाजूला बघितलं, शिंगं सारखी केली आणि शिडीच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला.

"ए आत्म्या," तो ओरडला, "ये की खाली. माझ्याकडे चेरी आहेत. वर काय ठेवलंय? ढग? ढग कापसाचे आहेत, मी स्वतः चिकटवलेत."

तेक्लानं मान हलवली. नाही.

"बघ बाई, विचार कर. वर गेलीस तर तुझी आई तिथंही येणार. आली की नाही? बघ, आलीच. स्वर्गात तुला स्वेटर घालायला लावणार."

चौकात पहिल्यांदा हसू फुटलं. तेक्लाच्या पोटात हसू आलेलं माझ्या मुठींना जाणवलं. तिनं ते बाहेर येऊ दिलं नाही. मान हलवली.

"ऐका हो," नुंत्सिओ चौकाकडे वळून म्हणाला, "एवढ्या वर्षांत मी कितीक आत्म्यांना बोलावलं, पण एका आत्म्याला दोन हातांनी धरून ठेवलेली आई मी पहिल्यांदा बघतोय. माझं कसं चालायचं? दोत्तोरेसा, थोडं सैल सोडा की."

आता सगळा चौक हसत होता, आणि मीही हसत होते, आणि माझे हात जळत होते. नुंत्सिओ थांबला नाही. त्यानं तेक्लाला बेकरी देऊ केली, त्याचा टेम्पो देऊ केला, स्वतःची सासू देऊ केली. प्रत्येक वेळी गर्दी वर बघायची आणि प्रत्येक वेळी ती छोटी मान हलायची. नियमाप्रमाणे हे सगळं मिरवणुकीत व्हायचं असतं, पण कुणी अडवलं नाही. दमला की तो मांडीवर हात ठेवून श्वास घ्यायचा आणि पुन्हा सुरू करायचा. त्या माणसानं माझ्या मुलीची चाळीस मिनिटं स्वतःच्या खांद्यावर घेतली, आणि मी त्याला आतापर्यंत मधुमेहावरून ओरडतच आले होते.

मग ऐरणीवरचे घाव ऐकू आले. चार, थांबून तीन, थांबून एक. पाण्यात बुडवल्याचा आवाज आला नाही, बहुतेक तो तेलात बुडवतो. नंतर बियासे आला. त्याच्या पांढऱ्या शर्टाची बाही कोपरापर्यंत काळी झाली होती. शिडी चढून त्यानं हात पुढे केला. पाचर पुन्हा काळी होती, अजून ऊबदार होती, आणि जरा बुटकी झाली होती.

एक हात कड्यावरून काढायला मला त्रास पडला. बोटं उघडेनात. बियासेनं माझं एकेक बोट सोडवलं, जणू तीही त्याच्या कामातलीच होती. मी पाचर भोकात ठेवली आणि तळव्यानं दाबली.

ती सरकली, सरकली, आणि थांबली. जिथे थांबायची तिथे. मी करंगळी आडवी घातली. एक बोट वर. हलवून बघितली, हलली नाही. मग सगळा जोर लावून ओढून बघितली, तरी हलली नाही. बियासे माझं हे सगळं होईपर्यंत थांबला, आणि माझं झाल्यावर त्यानंही आपली करंगळी घातली. लोहारानं आईनं बसवलेली पाचर तपासायची पद्धत आमच्याकडे नाही. मग त्यानं एक गोष्ट केली. तो खाली उतरला, दुसरी एक शिडी घेऊन ती एका फांदीकडून दुसऱ्या फांदीकडे हलवत चारही देवदूतांच्या कड्यांत करंगळी घालून आला, आणि त्यांच्या चारही आया खालून बघत राहिल्या. कुणी हरकत घेतली नाही.

मग त्यानं माझ्याकडे बघून होकारार्थी मान डोलावली.

तेक्ला पुन्हा शेतांकडे बघत होती. तिच्या पाठीचा कणा ताठ होता आणि झग्याखालचे पाय जरा हलत होते, जसे ती जेवायला उंच खुर्चीवर बसली की हलतात.

"दिली," मी म्हणाले.

"घेतली," सोळा आवाज एकदम आले.

मी खाली उतरले आणि शिडी बाजूला झाली. खांदेकऱ्यांनी गुडघे वाकवले, बँडमास्तरनं हात वर केला, आणि झाड घोड्यांवरून सुटलं. पाचही फांद्या एकदम झुलल्या. चौकातून तो आवाज आला जो दर वर्षी येतो, आणि जो मी आतापर्यंत गर्दीत उभी राहून दात आवळून ऐकत आले होते. यंदा तो माझ्या छातीतूनही निघाला. ती वर होती, सगळ्या छपरांच्या वर, आणि ती पडत नव्हती, कारण एका माणसानं ते लोखंड घडवलं होतं, दुसऱ्यानं आज ते ठोकलं होतं, सोळा जण एका पावलानं चालत होते, आणि ती स्वतः ताठ बसली होती. मी त्यांतली एक होते. चूक करणारी, पण त्यांतलीच.

एलिओ माझ्या बाजूला उभा होता. मान मागे टाकून तो वर बघत होता, आणि खरंच त्याचं पाऊल दगडावर अडखळलं. मी त्याला सावरायला गेले तर माझे हात वर होईनात.

झाड गल्लीत वळलं तेव्हा मॉन्ट्रियलहून आलेली एक म्हातारी सासूबाईंना विचारत होती, वर ती मुलगी कुणाची. सासूबाईंनी सांगितलं, नात आहे माझी, तेक्ला, आमच्या घरातली पाचवी. आणि मग, शिडी धरून लाल झालेले तळहात झग्याला पुसत, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "आणि ती वर उभी होती ना, धरून? ती माझी सून."